खरी चमक

(एखादी वस्तू स्वच्छ करणे हे सोपे काम आहे, असे आपल्याला वाटते. परंतु प्रत्येक कामामागे एक शास्त्र असते आणि ते शिकावे लागते. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील एका लहानशा दुकानात एक किमती, उघड्या टपाची गाडी लग्नासाठी सजायला आली. तिची आतून-बाहेरून सफाई कशी झाली आणि त्या तीन-चार दिवसांत एक मुलगा काय शिकला, ते त्याने या पाठात स्वतःच सांगितले आहे.)

दहावीची परीक्षा संपली. निकालाला अजून बराच अवकाश होता. अम्मी म्हणाली, "दिवसभर घरात लोळण्यापेक्षा मामूंच्या दुकानात जाऊन बस. चार गोष्टी शिकशील."

मामूंचे दुकान उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये आहे. स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. पाटीवर 'कार वॉश आणि डिटेलिंग' असे लिहिले आहे. पहिल्याच दिवशी मी विचारले, "मामू, गाडी धुणे आणि डिटेलिंग करणे यांत फरक काय?"

मामू म्हणाले, "घरात रोज केर काढतात आणि ईदच्या आधी घर आवरतात. या दोन्हींत काय फरक आहे? रोज आपण समोरचा केर काढतो. ईदच्या आधी कपाट सरकवून मागची भिंतही पुसतो. तोच फरक! आणि एक लक्षात ठेव. दुकानात मी मामू नाही, उस्ताद."

दुकानात आणखी एक कारागीर होते, अप्पा. ते रोज अंबरनाथहून येत. गाड्यांच्या सीटा आणि कापडी टप यांचे काम त्यांच्याकडे असे. ते उस्तादांना 'भाई' म्हणत. दोघांनी वीस वर्षे एकत्र काम केले होते.

मे महिन्यातला एक बुधवार होता. सकाळीच एक गाडी दुकानात शिरली आणि आम्ही हातातले काम ठेवून बघतच राहिलो. जर्मन बनावटीची, गडद निळ्या रंगाची ती गाडी होती. तिचे टप काळ्या कापडाचे होते. चालकाने एक बटण दाबले. टप हळूच वर उचलले गेले, त्याची घडी झाली आणि ते मागे डिकीत जाऊन बसले. एखाद्या पक्ष्याने पंख मिटावेत, तसे!

गाडीतून एक वृद्ध गृहस्थ उतरले. सगळे त्यांना 'दादा' म्हणत होते. फर्निचर बाजारात त्यांच्या कुटुंबाचे दुकान आहे.

"उस्ताद, रविवारी नातवाचे लग्न आहे," दादा म्हणाले. "वरात याच गाडीतून निघणार. शनिवारी दुपारपर्यंत गाडी हवी. काच नि काच, शिवण नि शिवण साफ झाली पाहिजे."

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बेटा, मी सहा वर्षांचा असताना १९४८ साली कराचीहून बोटीने मुंबईला आलो. तिथून या कॅम्पात. एका बराकीत कितीतरी कुटुंबे राहायची. मध्ये गोणपाटाचे पडदे. माझे वडील लोकल गाडीत गोळ्या-बिस्किटे विकायचे. आज नातू अशा गाडीतून वरात काढतो आहे. म्हणून म्हणतो, काम नीट करा."

आमच्या शहराचा इतिहास मला शाळेत शिकवला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना याच छावणीत आसरा मिळाला. १९४९ साली या वस्तीला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग होते, म्हणून आजही आपण कॅम्प नं. १ ते ५ असे म्हणतो. पत्त्यात बराकीचा क्रमांकही अजून लिहितात. हे सारे मी परीक्षेत लिहिले होते. पण त्या बराकीत राहिलेला माणूस समोर उभा राहून बोलला, तेव्हा तो इतिहास मला प्रथमच खरा वाटला.

दादा गेल्यावर मी लगेच फडके घेऊन बोनेट पुसायला धावलो. उस्ताद ओरडले, "थांब! कोरड्या गाडीला फडके लावायचे नाही."

त्यांनी मला जवळ बोलावले. "या रंगावर काय आहे?"

"धूळ."

"धूळ म्हणजे काय? बारीक वाळू. वाळूच्या कागदाने सुतार लाकूड घासतो ना? तू कोरडे फडके फिरवलेस, तर फडक्याचा वाळूचा कागद होईल. धुळीला आधी पाण्याने सैल करायचे, वाहून जाऊ द्यायचे आणि मगच हात लावायचा. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा."

गाडी सावलीत उभी करून तिचे टप बंद केले. उन्हात तापलेल्या पत्र्यावर साबणाचे पाणी लगेच वाळते आणि डाग पडतात. चाकांवर सर्वांत जास्त घाण असते, म्हणून आधी चाके धुतली. त्यांचा ब्रश वेगळा, बादलीही वेगळी. त्यानंतर साऱ्या गाडीवर हलकेच पाणी फवारले आणि फेस लावला. तो फेस पाच मिनिटे तसाच राहू दिला. मळ फेसाबरोबर खाली ओघळू लागला.

नंतर दोन बादल्या आल्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, गाडीचा एक भाग वरून खाली धुवायचा, मग तो मोजा साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत बुडवायचा. मी विचारले, "एक बादली पुरणार नाही का?"

"पुरेल," उस्ताद म्हणाले, "पण मग काढलेली वाळू पुन्हा गाडीलाच लागेल."

भांडी घासायचा साबणही त्यांनी लावू दिला नाही. तो तेलकटपणा काढतो, त्याबरोबर रंगावरचे मेणही काढून टाकतो. पाण्याच्या बाबतीत उस्ताद फार काटेकोर होते. त्यांनी मला हिशेबच घालून दिला. "आपल्या नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी येते. नळी २० मिनिटे सोडून ठेवली तर किती?" मी म्हणालो, "३०० लिटर." ते म्हणाले, "आणि मे महिन्यात लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात." वापरलेले पाणीही ते थेट गटारात सोडत नसत. आधी टाकीत गाळ बसू देत. आपल्या शहरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. त्यात आपली भर नको, असे त्यांचे म्हणणे होते.

गाडी धुतल्यावर मला वाटले, झाले काम! उस्तादांनी माझ्या हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली आणि म्हणाले, "आता बोनेटवरून बोटे फिरव." काय आश्चर्य! डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे बोनेट बोटांना खरखरीत लागले. रेल्वेगाड्यांच्या आणि मोटारींच्या ब्रेकमधून लोखंडाचे बारीक कण उडतात. ते रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. साध्या धुण्याने ते निघत नाहीत. उस्तादांनी एक औषध फवारले. थोड्याच वेळात पांढऱ्या फेसात जांभळे ओघळ दिसू लागले. औषधाशी लोखंडाचा संयोग झाला की असा रंग येतो. उरलेले कण त्यांनी मऊ चिकणमातीसारख्या वडीने टिपून घेतले. वडी सुकी फिरवायची नाही, पृष्ठभाग सतत ओला ठेवायचा. यानंतर पिशवी घातलेला हात फिरवला, तर तो काचेवरून घसरावा तसा घसरला.

गुरुवारचा दिवस अप्पांचा होता. कापडी टपाचे काम त्यांनी कोणाला करू दिले नाही. आधी त्यांनी व्हॅक्यूमने टपावरची धूळ ओढून घेतली. मग मऊ ब्रशने, कापडाच्या विणीच्या दिशेने, हलक्या हाताने फेस फिरवला. जोरदार पाण्याचा फवारा त्यांनी शिवणीपासून लांब ठेवला. "शिवण उसवली की पावसाळ्यात गाडीची मोरी होते," ते म्हणाले.

टपाच्या कडेला, रबराच्या पट्टीखाली लहान छिद्रे होती. त्यांतून पावसाचे पाणी खाली निघून जाते. तिथे सुकी पाने अडकली होती. अप्पांनी ती एकेक करून काढली. "लोक वरची चमक बघतात, ही छिद्रे बघत नाहीत. छिद्र बुजले की पाणी आत शिरते. मग गालिचा कुजतो आणि खालच्या तारा खराब होतात."

टप धुतल्यावर ते पंख्याखाली पूर्ण वाळू दिले. ओल्या टपाची घडी घातली तर कापडाला बुरशी धरते. वाळल्यावर त्यावर पाणी न शोषण्याचे औषध मारले. नंतर अप्पांनी थोडे पाणी शिंपडले. अळवाच्या पानावर राहावेत तसे थेंब टपावर गोल उभे राहिले.

काम करता करता अप्पा बोलत होते. "माझे गाव कोल्हापूरकडे. तिथे शाही दसरा असतो. राजघराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतात. १९३० च्या दशकातली उघडी गाडी! लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून ती पाहिली. ती अजून चालते, कारण कोणीतरी तिला रोज जपते. वरातीच्या दिवशी पुसणारे पुष्कळ असतात. बाकीचे दिवस जपणारे थोडे."

उघड्या टपाच्या गाडीत धूळ थेट सीटांवर बसते आणि ऊन थेट चामड्याला लागते. म्हणून आतले कामही तेवढेच नाजूक होते. आधी कोरडी सफाई, मग ओली, हा क्रम. व्हॅक्यूमने सीटांच्या फटी, गालिचे आणि कोपरे साफ केले. बटणांवर पाणी फवारायचे नाही. फडके किंचित ओले करून पुसायचे. चामड्यावर फेस लावून मऊ ब्रश फिरवला, तर पांढरा फेस करडा झाला. मग क्रीमचा अगदी पातळ थर दिला. मी ते क्रीम स्टिअरिंगला आणि ब्रेकच्या पायपट्टीलाही लावायला निघालो, तेव्हा अप्पांनी माझा हात धरला. "अरे, तिथे चमक नको. हात-पाय घसरला तर जीव जाईल." डॅशबोर्डही त्यांनी चकचकीत केला नाही, कारण त्याची चमक समोरच्या काचेत दिसते आणि चालकाला रस्ता नीट दिसत नाही. काचा सर्वांत शेवटी पुसल्या.

त्या दिवशी संध्याकाळी उस्तादांनी एक छोटे यंत्र काढले आणि गाडीच्या रंगाची जाडी मोजली. मला हे नवीन होते. ते म्हणाले, "एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. म्हणजे दोन केसांएवढे! सर्वांत वर पारदर्शक थर असतो. तोच चमकतो आणि तोच उन्हापासून खालचा रंग राखतो."

दरवाजांवर यंत्राने १२० हा आकडा दाखवला. बोनेटवर आला ९२.

उस्ताद गंभीर झाले. "बोनेट पूर्वी कोणीतरी खूप घासले आहे. पॉलिश म्हणजे रंग वाढवणे नव्हे. पॉलिश म्हणजे वरचा थर थोडा खरवडून सपाट करणे. ओरखडा जात नाही, त्याच्या आजूबाजूचा रंग कमी होतो. गेलेला थर परत येत नाही. या बोनेटला आता अगदी हलका हात लावायचा."

"पण काही दुकानांत तासाभरात सगळे ओरखडे घालवतात," मी म्हणालो.

"घालवत नाहीत, बुजवतात. काही पॉलिशमध्ये तेल असते. ते ओरखड्यात भरून बसते. गाडी चमकते. दोन-तीन वेळा धुतली की ओरखडा पुन्हा वर येतो. तोपर्यंत पैसे मिळालेले असतात!" मांडणीच्या वरच्या खणात तशी एक बाटली होती. कोणीतरी नमुना म्हणून दिलेली. उस्तादांनी ती कधी उघडली नव्हती.

शुक्रवारी दिवसभर पॉलिशचे काम चालले. दरवाजे, मडगार्ड, डिकी, सगळे आरशासारखे झाले. बोनेटला त्यांनी मऊ पॅडने एकदाच हात दिला. शेवटी मेणाचा थर लावला. "मेण वाळले की स्वच्छ फडक्याने पुसून काढ," असे मला सांगून ते टँकरवाल्याशी बोलायला बाहेर गेले. अप्पा घरी गेले होते. मी एकटाच होतो.

पुसताना माझ्या हातातून फडके खाली पडले. दुकानाचा नियम मला ठाऊक होता. जमिनीवर पडलेले फडके गाडीला लावायचे नाही, धुवायला टाकायचे. नवीन फडके आतल्या खोलीत होते. मी कंटाळा केला. पडलेले फडके दोनदा झटकले आणि बोनेटवर फिरवले.

किर्र असा बारीक आवाज झाला. मी दिवा जवळ धरला. बोनेटच्या मधोमध वीतभर लांब, वाकडा ओरखडा उमटला होता.

माझ्या पोटात खड्डा पडला. रविवारी वरात होती. दादांचे शब्द आठवले. उस्ताद काय म्हणतील? आणि मग माझी नजर वरच्या खणातल्या त्या बाटलीकडे गेली.

मी ती बाटली उघडली. दोन थेंब घेतले, बोटाने चोळले, स्वच्छ फडक्याने पुसले. ओरखडा नाहीसा झाला! दिव्याखाली पाहिले, तरी दिसेना. मी बाटली जागेवर ठेवली. उस्ताद परत आले, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाबास! बोनेट सुरेख झाले."

त्या रात्री मला झोप आली नाही. मुंब्र्याला राहणारे माझे चुलत भाऊ मला नेहमी चिडवतात. "तुमच्या गावच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात ना? यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!" हा विनोद फार जुना आहे. तो ऐकला की मला राग येतो. मी त्यांना सांगतो, "आमच्याकडे येऊन बघा, लोक किती मेहनत करतात." पण त्या रात्री मला वाटले, आज मी काय केले? वरून चमक आणि आत ओरखडा. तो विनोद मी स्वतःच खरा करून दाखवला होता. उस्तादांची 'शाबास' मला ओरखड्यापेक्षा जास्त टोचत होती.

शनिवारी मी सर्वांच्या आधी दुकानात पोहोचलो. उस्ताद आले. मी त्यांना सर्व सांगितले. खाली पडलेले फडके, ओरखडा, बाटली, सगळे.

ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी स्पिरिट आणि पाणी यांच्या मिश्रणात फडके भिजवले आणि बोनेट पुसले. तेल निघून गेले. ओरखडा पुन्हा दिसू लागला, कालच्यापेक्षाही स्पष्ट. अप्पा जवळ येऊन उभे राहिले.

"भाई, दुपारी गाडी जायची आहे," अप्पा हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे," उस्ताद म्हणाले. त्यांनी बोटाच्या नखाने ओरखडा चाचपला. नख अडकले नाही, म्हणजे तो वरच्या पारदर्शक थरातच होता. "यंत्राने घासला तर जाईल. पण बोनेटवर आधीच थर कमी आहे. आज जाईल आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी तिथला रंग उडेल."

मग त्यांनी दादांना फोन केला. "दादा, एकदा दुकानात येऊन जा. गाडीबद्दल बोलायचे आहे."

दादा अर्ध्या तासात आले. उस्तादांनी त्यांना बोनेट दाखवले. "आमच्या हातून ओरखडा पडला आहे. हाताने घासून मी तो फिका करतो. पूर्ण काढत नाही. पूर्ण काढला तर रंगाचे नुकसान होईल. झाकून देता येतो, पण ते मी करणार नाही. बोनेटच्या कामाचे पैसे मी घेणार नाही."

'आमच्या हातून' असे ते म्हणाले. माझे नाव त्यांनी घेतले नाही. मी मान खाली घालून पुढे आलो आणि म्हणालो, "दादा, तो माझ्या हातून पडला. काल मी तो झाकलाही होता."

दादा बराच वेळ बोनेटकडे पाहत राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि वाकून बघितले. त्यांना वाईट वाटले होते, हे चेहऱ्यावर दिसत होते. शेवटी ते म्हणाले, "फिका करा. पूर्ण काढू नका. उस्ताद, साठ वर्षे मी दुकानात बसलो. ज्या दुकानात चूक सांगतात, तिथला माल मी पुन्हा मोजून घेत नाही."

उस्तादांनी तासभर हाताने काम केले. ओरखडा पुसट झाला. उन्हात, विशिष्ट कोनातून पाहिले तरच एक रेघ दिसे. दुपारी गाडी गेली. बोनेटचे पैसे उस्तादांनी खरोखरच घेतले नाहीत. त्या आठवड्याची माझी मजुरीही मी घेतली नाही. उस्तादांनी आग्रह केला नाही.

रविवारी संध्याकाळी शिवाजी चौकाच्या बाजूने वरात निघाली. मी गर्दीत उभा होतो. टप उघडलेले, सीटांवर फुलांच्या माळा, पुढे बँड. लोक म्हणत होते, "काय चमकते आहे गाडी!" मी बोनेटकडे पाहत होतो. ती रेघ कुठे आहे, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक होते.

माझा निकाल लागला. मी पास झालो आणि कॉलेजात जाऊ लागलो. सुट्टीच्या दिवशी मात्र मी अजून दुकानात जातो. पावसाळा संपल्यावर ती निळी गाडी पुन्हा धुवायला आली. दादा स्वतः बरोबर होते. उस्तादांनी मोजा हातात घेतला, तेव्हा दादा म्हणाले, "उस्ताद, बोनेट त्या मुलाला धुऊ द्या."

मी दोन बादल्या भरून आणल्या.

शब्दार्थ

टप – गाडीचे छत, छत
अवकाश – वेळ, मोहलत
कारागीर – हाताने कसबी काम करणारा; कारीगर
बराक – सैनिकांना राहण्यासाठी बांधलेली लांब इमारत
गोणपाट – तागाचे जाड कापड, टाट
निर्वासित – घरदार सोडून आलेले लोक, मुहाजिर
आसरा – आश्रय, पनाह
काटेकोर – अगदी नियमाने वागणारा
गाळ – पाण्याच्या तळाशी बसणारा चिखल
ओघळ – खाली वाहत आलेली पाण्याची धार
वीण – कापडातील धाग्यांची रचना, बुनावट
शिवण – शिवलेला भाग, सिलाई
बुरशी – ओलाव्यामुळे धरणारा थर, फफूंद
चामडे – कमावलेले कातडे, चमडा
पारदर्शक – ज्यातून पलीकडचे दिसते असा, शफ़्फ़ाफ़
ओरखडा – घासल्यामुळे उमटलेली रेघ, ख़राश
वीतभर – अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या अंतराएवढे, बालिश्त भर
पोटात खड्डा पडणे – फार भीती वाटणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादांना गाडी कोणत्या दिवशी हवी होती?
(आ) उल्हासनगर हे नाव कोणत्या साली मिळाले?
(इ) कोरड्या गाडीला फडके का लावू नये?
(ई) टपाच्या कडेची छिद्रे कशासाठी असतात?
(उ) बोनेटवर रंगाची जाडी किती मायक्रॉन होती?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गाडी धुताना उस्ताद दोन बादल्या का वापरत?
(आ) स्टिअरिंग आणि ब्रेकची पायपट्टी यांना क्रीम का लावू नये?
(इ) 'ओरखडा घालवणे' आणि 'ओरखडा बुजवणे' यांत कोणता फरक आहे?
(ई) त्या रात्री मुलाला झोप का आली नाही?

प्रश्न ३. कोण, कोणाला म्हणाले?
(अ) "शिवण उसवली की पावसाळ्यात गाडीची मोरी होते."
(आ) "दुकानात मी मामू नाही, उस्ताद."
(इ) "ज्या दुकानात चूक सांगतात, तिथला माल मी पुन्हा मोजून घेत नाही."

प्रश्न ४. कारणे लिहा.
(अ) गाडी सावलीत उभी करून धुतली.
(आ) उस्तादांनी ओरखडा पूर्ण काढला नाही.
(इ) डॅशबोर्ड चकचकीत केला नाही.

प्रश्न ५. तुमच्या शब्दांत लिहा.
उस्ताद 'आमच्या हातून ओरखडा पडला' असे म्हणाले. ते 'या मुलाच्या हातून' असे का म्हणाले नाहीत? तुम्हाला काय वाटते?

भाषाभ्यास

(१) पुढील शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आढळतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा : दुकान, कारागीर, हिशेब, गालिचा, शाबास.

(२) कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) गाडी दुकानात शिरली. (भविष्यकाळ करा.)
(आ) अप्पा काम करत होते. (वर्तमानकाळ करा.)
(इ) मी बाटली उघडली. (नकारार्थी करा.)

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या कामातला 'पहिला धडा' कोणता, ते विचारा आणि त्यावर मराठीत दहा ओळी लिहा.